तिथे आधी कोण?

लग्न होऊन मी मुरबाडकडून शहापूरकडे आले त्याच दिवशी माझं नाव बदललं. थोरल्या जावेचं आणि माझं नाव एकच निघालं. एका चुलीपाशी एका नावाच्या दोघी असल्या तर हाक कोणाला मारली हे कसं कळायचं, म्हणून सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, यांच्याकडून अंगठीनं त्यात नवं नाव लिहून घेतलं आणि साखर वाटली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते. माहेरी आई होती तोवर ती जुन्या नावानं हाक मारायची. आई गेली. भाऊ ताई म्हणतात. त्यानंतर ते नाव घेणारा एकच माणूस मला भेटला.

त्यांना मी काका म्हणायचे. गाव त्यांना कागदवाले म्हणायचं.

काका शहापूरला का आले, याचं कारण त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजच्या जवळ घर पाहिजे होतं. जवळ असलं की फोनची तार छोटी, आणि तार छोटी असली की तिच्यात खरखर कमी. माणसं बाजार बघून घर घेतात, शाळा बघून घेतात, दवाखाना बघून घेतात. यांनी तार बघून दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आमच्याकडचे हे तेव्हा फोनच्या खांबांचे खड्डे खणायला मजुरीवर जायचे. काकांच्या घरी तार ओढली तेव्हा ते तिथं होते. घरी येऊन मला म्हणाले, "येक मानूस हाय, येकटाच ऱ्हातो. सैपाकाला बाई पायजे त्याला. बोलत नाय कोनाशी. तुझ्यासारकाच हाय. जा."

म्हणून मी गेले. माझी मुलगी तेव्हा नुकती पहिलीत बसली होती. त्याच साली पहिलीपासून इंग्रजी आलं होतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं, आणि मी चौथीतच घरी बसले, त्यामुळे इंग्रजीच्या दारापर्यंत जाऊन परत आल्यासारखं झालं. हे अशासाठी सांगते की काकांच्या घरात जिकडे तिकडे इंग्रजीच होतं. टेबलावर एक मशीन, त्याच्या शेजारी छापायचं मशीन, आणि जमिनीवर कागदांच्या चळती. ते कागद एकाला एक जोडलेले यायचे, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या. काका त्या पट्ट्या फाडून बाजूला ठेवायचे. मी त्यांनी मेथीच्या जुड्या बांधायचे, उरलेल्या घरी न्यायचे, मुलगी त्यांच्या साखळ्या करायची.

पहिल्या दिवशी मी मिठाचा डबा खिडकीतून काढून चुलीजवळ ठेवला. काका दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीठ कुठून कुठे गेलं?"

मी सांगितलं.

"आणि तिथे आधी काय होतं?"

तिथं आधी काडेपेटी होती. ती मी कुठं ठेवली होती ते मला आठवेना. काका रागावले नाहीत. ते दुकानात जाऊन मिठाचा दुसरा डबा घेऊन आले आणि खिडकीतल्या जुन्या जागी ठेवला. म्हणाले, "हलवत जाऊ नका बाई. जुनं जुन्या जागी राहू द्या, नव्या जागी दुसरं ठेवा. नवीन नीट बसलं, सवय झाली, की मग जुनं काढायचं." जुनं काढायची वेळ कधी आली नाही. त्या घरात शेवटपर्यंत मिठाचे दोन डबे होते. चहाचेही दोन, चपलांचे दोन जोड, एक पुढच्या दाराशी, एक मागच्या. एकट्या माणसाच्या घरात सगळं दोन दोन. कोणी बाहेरचा आला असता तर त्याला वाटलं असतं, इथं नवराबायको राहतात. पण बाहेरचं कोणी येत नसे.

कुठून, कुठे, आणि तिथे आधी कोण. हे तीन प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. भाजीवालीला विचारायचे, ही वांगी कुठून, आता कुठे जाणार, तिथे आधी कोण बसतं. ती आमच्या गावची. ती मला म्हणायची, "तुजा कागदवाला माजी जनगनना करतो गो." मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मुरबाडकडून आले, शहापूरकडे दिलं. तिसऱ्या प्रश्नाला मी काही उत्तर दिलं नाही. त्यांनी परत विचारलं नाही.

त्यांचं काम काय, हे कळायला मला वर्ष लागलं. आधी मला वाटायचं ते पुस्तक लिहितात. मग वाटलं कोर्टाचे कागद असतील. एक दिवस मी तांदळाची भाकरी थापत होते तेव्हा ते कागद घेऊन स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे राहिले आणि म्हणाले, मी वाचतो, तुम्ही फक्त हं म्हणा. मी म्हटलं मला इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, म्हणूनच. ज्याला येतं तो ऐकत नाही, त्याला वाटतं आपल्याला माहीत आहे.

मग ते रोज वाचायला लागले. एक ओळ वाचायची, मराठीत तिचा अर्थ सांगायचा. जवळजवळ प्रत्येक ओळ सारखीच असायची. हे इथून उचला, तिथे उतरवून ठेवा. ते इथून उचला, तिथे उतरवून ठेवा. मी एकदा विचारलं, उतरवून म्हणजे फळ्यावरचं पाटीवर उतरवतात तसं? ते इतके खूश झाले की हातातला कागद पिठात पडला. "अगदी तसंच. फळ्यावरचं फळ्यावर राहतं. पाटीवर दुसरं होतं."

माझ्या डोक्यात ते काम असं बसलं. दूरदेशीची काही माणसं मिळून मशीनसाठी काहीतरी बनवतात. ते सगळं एका डब्यात भरून लोकांना पाठवायचं असतं. डबा मशीनच भरतं, पण काय कुठून उचलून डब्याच्या कुठल्या कप्प्यात ठेवायचं याच्या ओळी माणसं लिहितात. काका लिहीत नव्हते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळी तपासायचे. एखादी वस्तू राहिली, किंवा चुकीच्या कप्प्यात गेली, तर लांब कुठेतरी एखादा माणूस डबा उघडतो आणि त्याचं मशीन चालत नाही. काका म्हणायचे, "लिहिणारे खूप आहेत. वाचणारा पाहिजे."

मला त्यावरून माझी पाठवणीची पेटी आठवायची. आईनं ती आठ दिवस भरली होती. वर साड्या, खाली भांडी, कोपऱ्यात हळदीकुंकू, आणि दर वेळी काही ठेवलं की ती तोंडानं बोलायची, हे इथं, हे इथं. तिचं कोणी तपासलं नव्हतं. काही राहिलंही नव्हतं.

काका वाचताना मी हं म्हटलं की ते पुढे जायचे. भाकरी उलटायच्या नादात हं राहिलं तर मागे यायचे आणि ती ओळ परत वाचायचे. कधी कधी मी हं म्हटल्यावरही ते थांबायचे. माझ्या आवाजावरून त्यांना काय कळायचं देव जाणे, पण तिथं बहुतेक चूक निघायची. मग ते अर्धा दिवस पत्र लिहीत बसायचे. ज्यानं चूक केली त्याला चूक झाली म्हणायचं, पण त्याला वाईट वाटायला नको. एवढंसं पत्र ते चारदा लिहायचे. मला मराठीत विचारायचे, "तुमची ओळ चुकली असं म्हटलं तर कसं वाटेल? त्यापेक्षा, ही ओळ मला कळली नाही, असं म्हटलं तर?" मी म्हणायचे दुसरं बरं. ते तेच लिहायचे. जगभर त्यांची ख्याती अशी झाली असेल की या माणसाला काहीच कळत नाही.

मग फोनमधून मशीन जोडायचं. फोन आधी टिटवीसारखा किंचाळायचा, मग घरघरायचा, मग गप्प. तो गप्प झाला की काकांचं पत्र गेलं.

एकदा मात्र फोन नुसताच वाजला. साधा फोन, माणसाचा. त्या घरात मी तो पहिल्यांदाच ऐकला. काका टेबलापाशी उभे, मी हातात झाडू घेऊन उभी. दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तो थांबला आणि परत वाजला. काका हळूच म्हणाले, "तुम्ही घ्या." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "नाहीत म्हणून सांगा." मी उचलला, "ते नाय," एवढं म्हणून ठेवून दिला. पलीकडून कोणी इंग्रजीत बोलत होतं. नंतर कळलं, तो त्यांच्याबरोबर चार वर्षं पत्रानं काम करणारा माणूस होता, मुंबईला आला होता, आणि त्यांना भेटायला शहापूरला यायचं म्हणत होता. काकांनी दोन दिवस जेवण नीट घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आला असता तर बसवलं कुठे असतं?" खुर्ची दुसरी होती. दोन खुर्च्या होत्या त्या घरात. मी तसं म्हटलं नाही.

त्यांच्या माणसांबद्दल ते एकदाच बोलले. बहुतेक दिवाळीत. मी करंज्या घेऊन गेले होते. म्हणाले, मुंबईची नोकरी सुटल्यावर मी भावाकडे ठाण्याला राहायला गेलो होतो. आठ महिने राहिलो. मी म्हटलं मग? "भाऊ चांगला आहे. वहिनी चांगली आहे. पण तिथे आधी माणसं होती. मी आंघोळीला गेलो की मुलाची शाळा चुकायची. मी पेपर घेतला की भावाला पेपर नाही. कोणी बोललं नाही. कोणी बोलत नाही, हेच तर." मग ते मशीनकडे वळले. करंजी त्यांनी उभ्यानंच खाल्ली.

आता हंड्याचं सांगते.

आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात. माझ्या रुखवतात पितळी हंडा होता. आईनं त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव घालून घेतलं होतं, नुसतं नाव, आडनाव नाही. थोरल्या जावेचा, म्हणजे मी जिला वयनी म्हणते तिचाही तसाच हंडा होता, त्याच्यावर तिचं नाव, म्हणजे तेच नाव. दोन्ही हंडे एका मांडणीवर शेजारी बसले. काही वर्षांनी एक हंडा तळाला गळायला लागला म्हणून दिवाळीत मोडीत गेला. कोणता गेला ते कोणी पाहिलं नाही. राहिला त्याच्याकडे बोट दाखवून वयनी म्हणाली, "ह्यो माजा. नाव हाय ना माजं." नाव होतं. माझ्या हंड्याला काठाजवळ एक पोचा होता, लग्नाच्या दिवशी जीपमधून उतरवताना पडला होता, आणि राहिलेल्या हंड्याला तो पोचा होता. मी तो रोज पाणी भरताना बोटानं चाचपायचे. पण बोलणार काय? हंड्यावरच्या नावाची मी आता नव्हते. वयनी वाईट नव्हती. तिनं काही चोरलं नव्हतं. तिला खरंच तिचाच वाटला.

त्या दिवशी काका वाचत होते. कोणीतरी डब्यात एक नवा भाग घातला होता. काकांनी सांगितलं, प्रत्येक भागाबरोबर एक कागद जातो. हा भाग कोणी बनवला, त्यांची नावं काय, आणि कोणी कसा वापरायचा ते त्यात असतं. त्या कागदाला सगळे एकच नाव देतात, जगभर तशी रीतच आहे. मग ओळ वाचली. "कागद कुठून, नव्या भागातून. कुठे, डब्यातल्या कागदांच्या खोलीत."

मी हं म्हटलं नाही.

काकांनी परत वाचलं. मी परत हं म्हटलं नाही. माझे हात पिठात होते आणि मी हंड्याचा विचार करत होते. शेवटी मी विचारलं, "याचं पन नाव तेच?"

"हो."

"आनि आधीच्यांचे कागद त्याच खोलीत हायेत?"

"हो."

"मंग आधीच्याचं काय झालं?"

मी आयुष्यात कोणाला इतकं सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी सांगितलं. सासरी येताना नाव बदललं ते, दोन हंडे, मोड, पोचा, सगळं. सांगताना मी भाकरी थापत राहिले, त्यांच्याकडे बघितलं नाही. शेवटी म्हटलं, आमच्याकडे म्हणून नवरीचं नाव बदलतात. तुमच्याकडे बदललं का?

काकांनी कागद खाली ठेवला. आतल्या खोलीत जाऊन जुन्या चळती उपसायला लागले. मी जेवण वाढलं, ते आले नाहीत. जाताना डोकावले तर ते जमिनीवर कागदांच्या मध्ये बसले होते, चष्मा कपाळावर. म्हणाले, "दोन वर्षं."

दुसऱ्या दिवशी मला कळलं. या नव्या भागाच्या आधीही एकदा तसंच झालं होतं. पहिल्या भागाचा कागद त्या खोलीत होता, दुसऱ्या भागाचा त्याच नावाचा कागद त्याच खोलीत उतरवला, आणि पहिला पुसला गेला. मशीन ओरडलं नाही. कोणी ओरडलं नाही. पहिली ओळ एका माणसानं लिहिली होती, दुसरी वर्षभरानं दुसऱ्यानं, आणि काकांनी दोन्ही तपासून बरोबर म्हटलं होतं. "दोन्ही ओळी बरोबर होत्या," ते म्हणत राहिले. "एकेकटी वाचली तर दोन्ही बरोबर होत्या." पहिला भाग ज्यानं बनवला त्याचं नाव दोन वर्षं प्रत्येक डब्यातून गायब होतं. त्यानं कधी तक्रार केली नव्हती. काका म्हणाले, त्यानं पाहिलं असेल. पाहिलं असेल आणि गप्प बसला असेल. त्यांना सगळ्यात जास्त तेच लागलं.

त्यांनी त्या माणसाला पत्र लिहिलं. ते मात्र एकदाच लिहिलं, गुळगुळीत केलं नाही. मग चूक दुरुस्त केली, प्रत्येक भागाच्या कागदाला वेगळी खोली दिली, आणि दुरुस्तीच्या वर जी टीप लिहायची असते ती लिहायला बसले. काय चुकलं, कोणाकडून चुकलं, कोणाला सापडलं. मी भांडी पुसत होते. त्यांनी विचारलं, "तुमचं आधीचं नाव काय?"

मी सांगितलं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते मलाच अनोळखी वाटलं.

"तेच लिहितो."

मी म्हटलं नको. दूरदेशीच्या माणसांत माझं नाव कशाला, मला काय येतं, आणि घरी कळलं तर वयनी काय म्हणेल. मी म्हटलं तुमचंच लिहा.

काका पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलले. "एकाचं नाव पुसलं गेलं म्हणून ही टीप लिहितोय. तिच्यातच आणखी एक पुसू?"

मी फडकं ठेवलं आणि निघून आले. भाकऱ्यांवर झाकण घालायचंही राहिलं. त्यांनी ते लिहिलं की नाही, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पण त्या दिवसापासून ते मला बाई म्हणेनात. दुसऱ्या दिवशी मागच्या दारातून आत शिरले तर आतून त्या नावानं हाक आली. मी ओ दिली नाही. मला वाटलं ते वयनीला बोलावतायत, आणि मी चक्क मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. त्यांनी परत हाक मारली. मग कळलं. हळूहळू सवय झाली. शहापूरच्या जीपमधून उतरून त्यांच्या दारापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागायची, आणि त्या दहा मिनिटांत मी एका नावातून दुसऱ्या नावात जायचे. संध्याकाळी उलट.

तीन-चार वर्षं असं चाललं. मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं. आधी ओळीच्या शेवटचे शब्द दिसेनात, मग ओळीच्या ओळी. वाचताना ते मध्येच थांबायचे आणि मी हं म्हणायचे, त्यांनी वाचलं आहे असं समजून. एक दिवस कागद चौकटीला टेकवून म्हणाले, "आता मी पास करतो ते न बघताच करतो." त्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना पत्र लिहून काम सोडलं. उत्तरं आली असतील. मला वाचून दाखवली नाहीत.

नाशिकहून पुतण्या गाडी घेऊन आला. काकांनी फार काही घेतलं नाही, सगळ्यातलं एक एक घेतलं. दुसरं तिथंच ठेवलं, मिठाच्या डब्यासकट. मला म्हणाले, कागद घेऊन जा, चुलीला होतील. पुतण्यानं त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. तेव्हा मी त्यांचेच प्रश्न विचारले. "काका, कुठे?"

"नाशिकला. पुतण्याकडे."

"तिथे आधी कोण?"

ते थोडं हसले. बघत होते ते माझ्या अंगावरून, खांद्याच्या बाजूला कुठेतरी. "पुष्कळ जण आहेत," म्हणाले. मग माझं नाव घेतलं, नुसतंच, पुढं काही नाही, आणि गाडी गेली. त्यानंतर त्यांची काही बातमी नाही. माझ्याकडे पत्ता नाही. असता तरी मी काय लिहिलं असतं.

कागदांच्या चळती मी माळ्यावर ठेवल्या. चुलीला लावायला हात होईना. त्यात कुठेतरी ती टीप असेल, असं वाटायचं. पण इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. मुलीला येत होतं, तिला सांगितलं असतं तर तिनं शोधलं असतं. सांगितलं नाही. नाव नसलं तर मला वाईट वाटलं असतं, आणि असलं तर घरात हसले असते. तेव्हा ते तसंच राहिलं. पाठीमागून कोरे कागद आहेत म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी मुलगी दरवर्षी चार-पाच कागद काढून वह्यांना कव्हरं घालायची. ती कव्हरं चढवताना मी तिच्या हातातल्या प्रत्येक कागदाकडे बघायचे, जणू बघितल्यानं कळणार होतं.

ती नववीत गेली त्या जूनची गोष्ट. दुपारची वेळ. वयनी पडवीत सुपात वाल निवडत होती, मी आत भाकरी थापत होते, मुलगी मधल्या दारात बसून कागद दुमडत होती. दुमडताना ती थांबली. म्हणाली, "मोठ्या आयचं नाव हाय यात."

बाहेरून वयनी म्हणाली, "काय गो, माजं नाव कोन घेतंय?"

"कागदावर हाय, इंग्रजीत. येका मानसाची चूक झाली, नि ती तुज्या नावाच्या बाईनं काढली, असं लिवलंय. फुडं मुरबाड लिवलंय."

"मुरबाड कशाला? माजं म्हायेर वाडा तालुक्याकडं," वयनी म्हणाली. सूप पाखडायचं थांबलं नव्हतं. "दुसऱ्या कोनाचं तरी आसंल."

परातीत माझे हात तसेच राहिले. इतकी वर्षं ते माळ्यावर होतं. तो कागद दुमडला असता, वहीला चढला असता, वर्षभर पोरीच्या दप्तरातून शाळेत गेला असता आणि मार्चमध्ये फाटला असता. कोणी ओरडलं नसतं. मशीनही नाही, वयनीही नाही, मीही नाही. मला वाटलं काका चौकटीत उभे आहेत, आणि मी हं म्हणायची वाट बघतायत.

मी म्हटलं, "ते तुमचं नाय वयनी. माजं हाय."

सूप थांबलं. वयनी उठून दारात आली. माझ्याकडे बघितलं, मग मांडणीवरच्या हंड्याकडे, मग परत माझ्याकडे. म्हणाली, "तुजं पन तेच व्हतं, नाय का. मी इसरलीच व्हती."

मुलगी काही न कळून आमच्या दोघींकडे बघत होती. मग तिनं कागद परत उजेडाला धरला आणि ते नाव एकदा वाचलं, सावकाश, एकेक अक्षर लावून. आमच्या घरात ते नाव कोणी घेतलं की वयनी ओ देते. त्या दिवशी ती गप्प राहिली.

मी ओ दिली.